उत्तर तोंडातून निसटण्याआधी : जवळच्या नात्यांसाठी आत्मभानाचा सराव

कामावरून परतलेल्या माणसाला दारातच प्रश्न येतो, "आज उशीर झाला?" प्रश्न तीन शब्दांचा आहे, पण ऐकणाऱ्याच्या मनात तो निराळाच उतरतो : मी घराकडे लक्ष देत नाही, असे हिला म्हणायचे आहे. मग उत्तर जाते, "मी काही मजा मारायला गेलो नव्हतो." विचारणारी दचकते, कारण जेवायला थांबायचे की नाही एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. पुढचा तासभर दोघे ज्या आरोपावरून भांडतात, तो आरोप कोणी केलेलाच नसतो.

हा लेख प्रश्न आणि उत्तर यांच्यामधल्या त्या दोन-तीन सेकंदांविषयी आहे. आत्मभान म्हटले की आपल्या स्वभावाची खोल मीमांसा, एकांतातले चिंतन, असे काहीतरी डोळ्यांपुढे येते. नात्यांसाठी लागणारे आत्मभान त्याहून लहान आणि त्याहून अवघड आहे. या क्षणी आपल्या आत काय चालले आहे ते वेळेवर ओळखणे हा त्याचा एक भाग, आणि ते जवळच्या माणसाला कळेल अशा रीतीने सांगणे हा दुसरा. दुसरा भाग बहुतेक वेळा राहून जातो. स्वतःला उत्तम ओळखणारा पण त्यातले काहीच न बोलणारा माणूस इतरांसाठी बंद दारासारखाच असतो आणि त्याच्या सोबत राहणाऱ्यांना अंदाज बांधत दिवस काढावे लागतात. आपल्या माणसांवरचे हे अंदाजाचे ओझे उतरवणे, हाच मला या सगळ्या सरावाचा खरा हेतू वाटतो.

पुढच्या पायऱ्या क्रमाने घ्याव्यात. पहिल्या दोन पायऱ्यांना मिळून महिनाभर द्यावा. घाईने सातवीवर उडी मारली तर बोलायला शब्द मिळतात, पण बोलण्यासारखे हाती काही नसते.

पहिली पायरी : दोन आठवडे केवळ नोंद

सुरुवातीला स्वतःत काहीही बदलायचे नाही, फक्त पाहायचे आहे. एक वही घ्यावी आणि झोपण्यापूर्वी पाच मिनिटे त्या दिवशीचा एकच प्रसंग लिहावा, ज्यात जवळच्या माणसाशी बोलताना मनात काहीतरी हलले. प्रत्येक नोंदीला चार ओळी पुरतात. पहिलीत जे घडले ते, कॅमेऱ्याने टिपले असते तेवढेच. दुसरीत त्या वेळी शरीरात काय जाणवले ते. तिसरीत आपण त्याचा काय अर्थ घेतला ते. चौथीत आपण काय केले ते.

उदाहरणार्थ : "बहिणीने माझा फोन उचलला नाही, तीन तासांनी 'कामात होते' असा निरोप आला. छातीत जड वाटले, जबडा आवळला गेला. तिला मी आता नकोशी झाले आहे, असे वाटले. मी दोन दिवस तिला फोन केला नाही."

यातली पहिली ओळ सर्वांत कठीण असते. "त्याने माझ्याकडे दुर्लक्ष केले" ही घटना नव्हे. तो आपण काढलेला निष्कर्ष आहे. "मी बोलत असताना तो फोनकडे पाहत होता" ही घटना. या दोन वाक्यांतला फरक हाताला सवय होईपर्यंत पुन्हा पुन्हा लिहून पाहावा, कारण पुढचे सारे काम याच फरकावर उभे आहे.

पंधराव्या दिवशी सगळ्या नोंदी एका बैठकीत वाचाव्यात आणि जे पुन्हा पुन्हा आले आहे त्याखाली रेघ ओढावी. माझ्या पहिल्या वहीतल्या बहुतेक नोंदींची तिसरी ओळ जवळजवळ एकच होती : माझे मत कोणी विचारत नाही. माणसे निराळी होती, प्रसंग निराळे होते, अर्थ मात्र तोच. ते वाक्य लोक माझ्याशी जसे वागत होते त्यातून आलेले नव्हते, ते मीच प्रत्येक ठिकाणी सोबत घेऊन जात होते, हे त्या रात्री मला प्रथमच दिसले आणि बराच वेळ मी वही मिटू शकले नाही.

अर्थाखेरीज वेळही पाहावी. अपुरी झोप, भूक, कामाच्या ठिकाणी झालेला अपमान, दुखणे, पैशांची काळजी अशा गोष्टींच्या आसपास नोंदी गोळा झालेल्या दिसल्या, तर वड्याचे तेल वांग्यावर निघत आहे हे ओळखावे. त्यावरचा उपाय बहुतेकदा साधा असतो : महत्त्वाचे बोलणे त्या वेळेतून बाहेर काढणे.

दुसरी पायरी : शरीर आधी बोलते, ते ऐकणे

मनाला राग आला हे कळण्याआधी पुष्कळदा शरीराला ते कळलेले असते. कोणाचे कान तापतात, कोणाचा आवाज बारीक होतो, कोणाचा श्वास वरच्या वर राहतो, कोणाचे हात नकळत आवराआवर करू लागतात. वहीतल्या दुसऱ्या ओळींवरून आपली खूण शोधावी. ती प्रत्येकाची वेगळी असते आणि एकदा सापडली की सहसा बदलत नाही.

ही खूण इतकी महत्त्वाची का, याचे उत्तर जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या कामात मिळते. त्यांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत समोरासमोर बसवून मतभेदाच्या विषयावर बोलायला सांगितले आणि त्याच वेळी त्यांच्या हृदयाचे ठोके, घाम अशा गोष्टींची नोंद घेतली. गॉटमन यांच्या मांडणीनुसार बसल्या जागी ठोके मिनिटाला १०० च्या पुढे गेले की माणसाची ऐकून घेण्याची, विनोद समजण्याची, दुसऱ्याची बाजू पाहण्याची शक्ती ओसरते. तो वाईट माणूस झालेला नसतो. त्याचे शरीर धोक्याला तोंड देण्याच्या तयारीत गेलेले असते. अशा अवस्थेत चाललेला युक्तिवाद म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शरीर पूर्ववत व्हायला किमान २० मिनिटे लागतात, असे ते सांगतात.

म्हणून घरात शांतता असताना, भांडणाच्या वेळी नव्हे, एक ठराव करून ठेवावा. दोघांपैकी कोणालाही खूण जाणवली तर त्याने थांबण्याची विनंती करावी, पण केवळ स्वतःविषयी बोलून : "मला आत्ता नीट ऐकू येत नाही आहे, मी अर्ध्या तासाने परत येतो आणि आपण इथूनच पुढे बोलू." "तू आधी शांत हो" असे म्हणणे ही थांबण्याची विनंती नव्हे, तो पुढचा वार आहे. परत येण्याची वेळ सांगणे आणि ती पाळणे हा या ठरावाचा कणा आहे. वेळ न सांगता उठून गेलेला माणूस मागे राहिलेल्याला टाकून गेल्यासारखा वाटतो, आणि दोन-तीनदा वेळ पाळली गेली नाही की ठराव मोडीत निघतो.

त्या अर्ध्या तासात काय करायचे, हे सांगायचे बहुतेक सल्ल्यांत राहून जाते. भांडण मनात पुन्हा घोळवले, पुढचे सडेतोड उत्तर रचले, तर ठोके खाली येत नाहीत. चालायला जावे, पाणी प्यावे, कपड्यांच्या घड्या घालाव्यात, संथ श्वास घ्यावा आणि श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ लावावा. मन पुन्हा त्या वाक्याकडे धावेल. धावले हे लक्षात घेऊन त्याला हातातल्या कामावर आणावे.

तिसरी पायरी : रागाचे नेमके नाव

मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका मेंदू-प्रतिमा अभ्यासात, भावना दाखवणाऱ्या चेहऱ्यांची चित्रे पाहताना सहभागी व्यक्तींनी त्या भावनेला शब्द दिला तेव्हा अमिग्डाला या मेंदूतील भागाची प्रतिक्रिया कमी झालेली आढळली. धोका आणि भीती यांच्याशी या भागाचा जवळचा संबंध आहे. नाव दिल्याने भावना नाहीशी होत नाही, पण तिचा जोर काहीसा उतरतो आणि आपल्याला तिच्याकडे पाहता येते.

या बाबतीत आपली भाषा आपल्याला मोठी मदत करते. राग हा एकच शब्द वापरून आपण भागवतो, पण मराठीत त्याच्या किती तरी जाती आहेत आणि प्रत्येकीची मागणी निराळी आहे. रुसव्यात समजूत काढली जाण्याची आशा असते. रुसलेला माणूस दूर जाऊन बसतो, पण त्याचे कान आपल्याकडेच असतात. वैताग बारीकसारीक गोष्टी साचून येतो आणि त्याला समजुतीपेक्षा विसावा किंवा मदत हवी असते. चीड अन्यायाची असते. तिला मलमपट्टी नको, दखल हवी. त्रागा करणारा स्वतःलाच शिक्षा देतो, जेवत नाही, बोलत नाही, "मीच करीन सगळे" म्हणत राहतो, आणि आपले दुखणे कोणाच्या तरी लक्षात यावे अशी त्याची धडपड असते. संतापात मात्र कोणाशी बोलण्यातच अर्थ नसतो. तिथे दुसरी पायरीच कामाची. रुसलेल्या माणसाला "काय मदत करू?" असे विचारले तर तो अधिकच दुखावतो आणि वैतागलेल्याला नुसते जवळ घेतले तर तो हात झटकतो, यामागचे कारण हेच की आपण सर्वांना राग या एकाच नावाने ओळखले.

त्यामुळे "मला राग आला" इथे न थांबता आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा : रागाच्या आधी काय आले होते? पुष्कळदा तिथे हिरमोड असतो, ओशाळलेपण असते, धास्ती असते, मत्सर असतो, पोरके वाटणे असते. मुलगा रात्री उशिरा परतल्यावर वडील त्याच्यावर ओरडतात तेव्हा मुलाला फक्त राग ऐकू येतो. त्याच्या आधी दोन तास वडिलांनी दाराशी काढलेली धास्ती त्याला दिसतच नाही. "मी घाबरलो होतो" हे वाक्य म्हणणे अनेकांना ओरडण्यापेक्षा कितीतरी जड जाते. जड जात असेल तर ते आधी वहीत लिहावे आणि दुसऱ्या दिवशी सांगावे. उशीर झालेला चालतो.

चौथी पायरी : एका घटनेचे तीन अर्थ

आपण उशिरा पोहोचलो तर रस्त्यात अडकलो म्हणून, आणि दुसरा उशिरा आला तर तो बेफिकीर म्हणून. एडवर्ड जोन्स आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये हीच प्रवृत्ती मांडली होती : स्वतःच्या वागण्याचे कारण आपण परिस्थितीत शोधतो आणि दुसऱ्याच्या वागण्याचे कारण त्याच्या स्वभावात. पुढच्या संशोधनाने हा नियम सरसकट सगळीकडे लागू पडत नाही असे दाखवले असले, तरी नकोशा प्रसंगांत तो आपल्या सर्वांच्या अनुभवाचा आहे.

सराव असा करावा. वहीतली तिसरी ओळ घ्यावी आणि त्याच घटनेचे आणखी दोन अर्थ लिहावेत, ज्यांतला एक तरी समोरच्याच्या परिस्थितीशी निगडित असेल. बहिणीने फोन उचलला नाही : तिला मी नकोशी झाले, किंवा तिच्यासमोर कोणीतरी बसले होते, किंवा मागच्या बोलण्यात मी काहीतरी लावून बोलले आणि ती अजून त्यातून सावरलेली नाही. तिसरा अर्थ पाहा. तो चांगला वाटणारा नाही, पण शक्य आहे. गोड अर्थ लावून स्वतःची समजूत घालणे हा या पायरीचा उद्देश नव्हे. आपला पहिला अर्थ हा अनेकांपैकी एक आहे एवढे मनाला पटणे पुरेसे आहे. कोणता अर्थ खरा हे शेवटी विचारूनच कळते.

नाते जितके जुने, तितके आपण विचारणे सोडतो. केनेथ सॅव्हित्स्की, बोआझ कायसार, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले की जवळच्या माणसाशी बोलताना आपण त्याला आपले म्हणणे किती कळले याचा अंदाज जास्तच चढवून करतो. अनोळखी माणसाशी बोलताना घेतो ती काळजी आपण आपल्या माणसाशी बोलताना घेत नाही. वीस वर्षांच्या सहवासानंतर "मला माहीत आहे तुला काय म्हणायचे आहे" असे म्हणण्याचा मोह प्रत्येकाला होतो. त्या जागी "मला असे समजले, तसेच आहे का?" असे विचारण्याची सवय लावावी. विचारायला काही क्षण लागतात आणि एखादी अख्खी संध्याकाळ वाचते.

पाचवी पायरी : हा अर्थ कुठून आला

वहीत पुन्हा पुन्हा येणारे वाक्य बहुधा जुने असते. मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडलेल्या आणि मेरी एन्सवर्थ यांनी लहान मुलांच्या निरीक्षणातून पुढे नेलेल्या जिव्हाळ्याच्या बंधाच्या सिद्धांतानुसार, मूल आपल्या सांभाळणाऱ्यांच्या प्रतिसादातून एक अपेक्षा शिकते : मी हाक मारली तर कोणी येते का? सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी १९८७ मध्ये हाच विचार प्रौढांच्या प्रेमसंबंधांना लावला. कोणाला जवळच्या माणसाच्या अंतराची सतत भीती वाटते आणि तो अधिक घट्ट धरू पाहतो. कोणाला जवळीक वाढली की गुदमरल्यासारखे होते आणि तो मागे सरतो. पुष्कळांना दोन्ही बऱ्यापैकी सहज जमते. धरू पाहणारा आणि मागे सरणारा एकत्र आले की एकाचा उपाय तोच दुसऱ्याचा त्रास ठरतो. हा बोलावतो म्हणून तो सरकतो आणि तो सरकतो म्हणून हा अधिक बोलावतो.

या प्रकारांचे शिक्के स्वतःवर किंवा दुसऱ्यावर मारू नयेत. ते स्थिर साचे नाहीत, आणि विश्वासाच्या नात्यात माणसे बदलतात. शिक्क्यांपेक्षा पुढचे प्रश्न अधिक उपयोगी आहेत. त्यांची उत्तरे सवडीने लिहावीत. मी लहान असताना घरात राग कोणाला दाखवता येत असे आणि कोणाला नाही? मी रडलो तर काय होत असे? चूक झाल्यावर माफी कोणी मागत असे का? कौतुक मिळवण्यासाठी मला काय करावे लागे? भांडणानंतर अबोला किती दिवस चाले आणि तो कसा संपत असे?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जोडीदाराला किंवा भावंडाला वाचून दाखवण्यासारखे असते. एका घरात भांडण जोरात होऊन तासाभरात विरत असे आणि दुसऱ्या घरात आवाज कधी चढत नसे पण आठवडाभर कोणी बोलत नसे. अशा दोन घरांतून आलेली दोन माणसे एकमेकांच्या वागण्याला क्रूर समजतात, जेव्हा प्रत्येक जण फक्त आपल्या घरातली रीत पाळत असतो.

सहावी पायरी : जे आपल्याला दिसत नाही ते विचारणे

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांनी १९५५ मध्ये चार चौकटींची एक साधी आकृती मांडली. दोघांची पहिली नावे, जो आणि हॅरी, जोडून ती जोहारी खिडकी म्हणून ओळखली जाते. त्यातली एक चौकट अशा गोष्टींची आहे ज्या इतरांना आपल्याविषयी ठाऊक असतात आणि आपल्याला नसतात. कितीही चिंतन केले तरी ही चौकट एकट्याने उघडत नाही. सिमिन वझीर यांनी २०१० मध्ये केलेल्या अभ्यासातून याला पुष्टी मिळते : आपली अस्वस्थता, काळजी अशा आतल्या गोष्टी आपल्यालाच अधिक नेमक्या कळतात, पण ज्या गुणांत आपली प्रतिमा गुंतलेली असते, उदाहरणार्थ बुद्धी, त्यांचा अंदाज इतरांचाच अधिक बरोबर येतो.

म्हणून विचारावे, पण "मी कसा आहे?" असा अघळपघळ प्रश्न विचारू नये, त्याला कोणी खरे उत्तर देत नाही. एका वेळी एकच नेमका प्रश्न : "आपले मत जुळत नाही तेव्हा माझी कोणती गोष्ट तुला सर्वांत जास्त टोचते?" "आई, मी कशाबद्दल बोलायला लागलो की तू गप्प होतेस?" "तुला मला काही सांगायचे असते तेव्हा तू कशाची वाट पाहतेस?"

उत्तर आल्यावर दोनच गोष्टी करायच्या. नीट ऐकायचे, आणि "सांगितलेस ते बरे झाले, मी यावर विचार करतो" असे म्हणायचे. स्पष्टीकरण द्यायचे नाही, प्रसंग दुरुस्त करायचा नाही, "पण तूही तर..." म्हणायचे नाही. निदान चोवीस तास नाही. खरे उत्तर देणाऱ्याला पहिल्याच वेळी स्पष्टीकरण ऐकावे लागले तर तो दुसऱ्यांदा खरे सांगत नाही. शिवाय ज्याने असे विचारले आहे त्याने ऐकलेल्यातली एखादी लहानशी गोष्ट आठवड्याभरात प्रत्यक्ष बदलून दाखवावी. "विचार केला" यापेक्षा ते अधिक बोलते.

सातवी पायरी : वेळेवर आणि नेमके सांगणे

थॉमस गिलोविच, केनेथ सॅव्हित्स्की आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९८ मध्ये एका भ्रमाची नोंद केली : आपल्या मनातले इतरांना जितके दिसते असे आपण समजतो, त्यापेक्षा ते खूपच कमी दिसत असते. "त्याला कळायला नको का?" हे वाक्य याच भ्रमातून येते. बहुतेक वेळा त्याला खरोखरच कळलेले नसते.

सांगताना वहीतल्या चार ओळीच कामी येतात, फक्त चौथीच्या जागी विनंती येते. "काल पाहुण्यांसमोर तू माझ्या नोकरीचा विषय काढलास तेव्हा मी ओशाळले. तुला माझी लाज वाटते असे माझ्या मनात आले. तसे असेलच असे नाही. पुढच्या वेळी हा विषय निघाला तर मला बोलू देशील का?" घटना, भावना, आपला अर्थ हा आपला म्हणून, आणि करता येण्याजोगी एक विनंती. "मला असे वाटते की तू स्वार्थी आहेस" या वाक्यात "वाटते" असले तरी भावना नाही. तो निवाडा आहे. "नेहमी", "कधीच", "तुझ्या घरचे सगळे" हे शब्द आले की समोरचा माणूस मुद्दा सोडून अपवाद शोधायला लागतो, आणि त्याला एखादा तरी अपवाद सापडतोच.

विनंती आडवळणाने करणे हा आपला आणखी एक दोष. ताकाला जाऊन भांडे लपवायचे आणि मग ताक मिळाले नाही म्हणून दुखावायचे. "आजकाल कोणाला वेळच नसतो" असे सर्वांना उद्देशून म्हणण्यापेक्षा "रविवारी दोन तास फक्त आपण दोघे बसू या का?" असे विचारले तर नकार मिळण्याचा धोका असतो, हे खरे. पण होकार मिळण्याची शक्यताही याच वाटेने येते.

सांगण्याची सर्वांत उपयुक्त रीत मला आगाऊ सांगण्याची वाटते. घरात शिरतानाच "आज माझे डोके ठिकाणावर नाही, त्याचे कारण तू नाहीस, मला अर्धा तास दे" असे म्हटले की समोरच्याला आपला चेहरा वाचत बसावे लागत नाही. लेखाच्या आरंभी दारात उभ्या असलेल्या त्या माणसाला एवढे एकच वाक्य पुरले असते. आगाऊ सांगणे केवळ वाईटासाठीच राखून ठेवू नये; "तू काल माझी बाजू घेतलीस ते मला फार लागून राहिले, चांगल्या अर्थाने" हेही सांगावे, कारण तेही समोरच्याला आपोआप दिसत नसते.

कामाच्या वाटणीविषयी थोडेसे

मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये विवाहित जोडप्यांना विचारले की घरातल्या वेगवेगळ्या कामांत तुमचा वाटा किती. दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक कामांत शंभर टक्क्यांच्या वर गेली. कारण फसवणूक नव्हे. स्वतः केलेले काम आपल्याला सहज आठवते आणि दुसऱ्याने केलेले आपण पाहिलेलेही नसते. म्हणून वाटणीवर बोलण्याआधी दोघांनी आठवडाभर वेगवेगळी यादी ठेवावी, आणि त्यात लक्षात ठेवण्याचे, आठवण करून देण्याचे, आधीपासून ठरवण्याचे कामही लिहावे. याद्या अदलाबदल करून वाचल्यावर वाटणी खरोखरच एकतर्फी निघाली, तर ती बदलावी लागेल. तिथे केवळ समजूतदारपणाने भागत नाही.

चूक झाल्यावर

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. सगळे समजूनही आपण एखाद्या दिवशी पुन्हा तेच बोलून बसतो. त्या वेळी माफीत काय केले ते स्पष्ट असावे ("मी तुला सर्वांसमोर तोडून बोललो"), त्याचा परिणाम असावा ("तुला तिथे बसणे अवघड झाले") आणि पुढे काय करणार ते असावे. "तुला वाईट वाटले असेल तर माफ कर" यात चूक ऐकणाऱ्याच्या गळ्यात पडते. आपण का चुकलो याची कारणे त्याच बैठकीत सांगू नयेत, विचारली तरच सांगावीत.

पुढच्या वेळेसाठी पीटर गोल्विट्झर यांनी अभ्यासलेली "जर-तर" योजना उपयोगी पडते. "मी शांत राहीन" हा संकल्प फार काळ टिकत नाही. "जर माझे कान तापले, तर मी हातातली वस्तू खाली ठेवीन आणि एक प्रश्न विचारीन" हा टिकण्याची शक्यता अधिक, कारण त्यात खूण आणि कृती दोन्ही आधीच ठरलेल्या आहेत.

वर्षातून तीनदा सात मिनिटे

एली फिंकेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १२० विवाहित जोडप्यांचा दोन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुसऱ्या वर्षी निम्म्या जोडप्यांना दर चार महिन्यांनी सात मिनिटांचे लेखन दिले होते : अलीकडचा एक मतभेद, दोघांचेही भले चिंतणाऱ्या तटस्थ तिऱ्हाइताच्या नजरेने पाहा, ती नजर ठेवणे तुम्हाला कशामुळे अवघड जाते, आणि पुढच्या मतभेदात ती कशी ठेवता येईल. वर्षभरात एकूण २१ मिनिटे. हे लेखन न करणाऱ्यांच्या नात्यातली समाधानाची पातळी घसरत राहिली, करणाऱ्यांची घसरण थांबली. वर्षाच्या तीन तारखा आताच ठरवून ठेवाव्यात. भावंडे, मित्र, वृद्ध आईवडील यांच्या बाबतीतही हे लेखन करून पाहण्यासारखे आहे.

पाय कुठे घसरतो

पॉल ट्रॅपनेल आणि जेनिफर कॅम्पबेल यांनी १९९९ मध्ये स्वतःकडे पाहण्याच्या दोन रीती वेगळ्या केल्या : कुतूहलाने पाहणे आणि तेच ते उगाळत राहणे. दुसरी आत्मभानासारखी दिसते, पण ती माणसाला आत खेचत नेते. "मी असा का आहे?" हा प्रश्न तिसऱ्या दिवशीही सुटला नसेल तर तो बदलून "आत्ता मला काय जाणवते आहे आणि पुढे मी काय करू शकतो?" असा करावा. वही लिहिल्यावर दर वेळी मन अधिक जड होत असेल, झोप किंवा भूक उडाली असेल, तर लेखन थांबवून समुपदेशकाची किंवा मानसोपचारतज्ज्ञाची भेट घ्यावी.

"मी असाच आहे, मला माहीत आहे" हे वाक्य आत्मभान दाखवत असले तरी ते दार लावून घेणारे वाक्य आहे. तसेच या लेखातली माहिती दुसऱ्याच्या अंगावर फेकू नये. "तुझे ठोके वाढले आहेत, तू आत्ता ऐकण्याच्या स्थितीत नाहीस" असे सांगून आजवर कोणी शांत झालेले नाही.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. जिथे मारहाण आहे, धमकी आहे, पैशांवर किंवा हालचालींवर पहारा आहे, सतत पाणउतारा आहे, तिथे "मी याचा कोणता अर्थ घेत आहे?" हा प्रश्न स्वतःला विचारत बसू नये. तिथे वाटणारी भीती हा गैरसमज नसून खरी सूचना आहे. अशा वेळी आधी सुरक्षितता, विश्वासू माणसे आणि कायद्याची किंवा संस्थेची मदत.

दुसऱ्याला यात रस नसेल तर

बहुतेक घरांत एकालाच हे करावेसे वाटते. त्याने दुसऱ्याला वही घेऊन बसवू नये. पहिल्या पाच पायऱ्यांतल्या बहुतेक कामाला कोणाची साथ लागत नाही, आणि सातवीतले आगाऊ सांगणे एकट्यानेही सुरू करता येते. तीन महिन्यांनी वहीतल्या जुन्या आणि नव्या नोंदी शेजारी ठेवून तीन गोष्टी पाहाव्यात : भांडणानंतर पुन्हा बोलायला लागणारा वेळ कमी झाला आहे का, तिसऱ्या ओळीत तेच वाक्य पूर्वीइतके वारंवार येते का, आणि घरातले दुसरे माणूस आपल्याला एखादी अवघड गोष्ट न विचारता स्वतःहून सांगू लागले आहे का. तिसरी खूण उशिरा येते. ती एखाद्या साध्या वाक्यात येते, काहीतरी हातात घेऊन, आपल्याकडे न पाहता बोललेल्या वाक्यात, आणि त्या क्षणी हातातले काम बाजूला ठेवून तिकडे वळता यावे यासाठीच तर वही लिहिलेली असते.